वाचकांचे प्रश्न : डंकर्कहून कोण सुटले, कोण मागे राहिले

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धातील, उत्तर फ्रान्समधल्या डंकर्क या बंदरातून झालेल्या माघारीवर आम्ही एक टिपण छापले होते. १० मे १९४० रोजी जर्मनीने पश्चिमेकडे चढाई सुरू केली आणि अवघ्या दहा दिवसांत त्यांचे रणगाडे आर्देनच्या जंगलातून मुसंडी मारून इंग्लिश खाडीच्या काठाशी येऊन थडकले. त्यामुळे उत्तरेकडील ब्रिटिश, फ्रेंच आणि बेल्जियन फौजा उरलेल्या फ्रान्सपासून तुटल्या आणि त्यांच्या पाठीशी केवळ समुद्र उरला. २६ मे ते ४ जून या काळात तेथून ३,३८,२२६ सैनिकांना जहाजांनी इंग्लंडला नेण्यात आले. या टिपणावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. काही वाचकांनी नाव छापू नये अशी विनंती केल्याने सर्वांचाच उल्लेख केवळ राहत्या भागाने केला आहे.

प्रश्न : मी न्हावा शेवा येथे मालाच्या चढ-उताराच्या कामावर देखरेख करतो. एक धक्का काही तास बंद राहिला तरी आमचे सारे वेळापत्रक कोलमडते. डंकर्कचे बंदर बॉम्बफेकीने निकामी झाले होते असे आपण लिहिले आहे. मग एवढी माणसे जहाजांवर चढवली कोठून? (एक वाचक, उलवे)

आपण बंदरातले आहात, म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करतो. सुटलेल्या सैनिकांपैकी २,३९,४४६ जण बंदरातून जहाजांवर चढले आणि ९८,७८० जण वाळूच्या किनाऱ्यावरून उचलले गेले. म्हणजे दर दहांतील सात माणसे ज्या जागेवरून सुटली, ती जागा या घटनेच्या लोकप्रिय चित्रांत क्वचितच दिसते. ती जागा म्हणजे मुख्यतः बंदराच्या पूर्वेकडचा लाटरोधक बंधारा.

२७ मेच्या संध्याकाळी ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन विल्यम टेनंट काही अधिकारी आणि सुमारे दीडशे नौसैनिक घेऊन डंकर्कला उतरले, तेव्हा आतल्या गोद्या जळत होत्या आणि तेलाच्या टाक्यांचा काळा धूर शहरावर पसरला होता. त्या संपूर्ण दिवसात केवळ ७,६६९ माणसे सुटली होती. किनाऱ्यावरून लहान होड्यांनी माणसे नेण्याचे काम किती सावकाश चालले आहे हे पाहिल्यावर टेनंट यांची नजर या बंधाऱ्याकडे गेली. तो समुद्रात सव्वा किलोमीटरहून अधिक लांब गेलेला होता, त्याच्यावर लाकडी चालण्याची वाट होती आणि त्या वाटेवरून तीन-चार माणसेच शेजारी शेजारी चालू शकत. लाटा अडवण्यासाठी उभारलेल्या या बांधकामाला मोठे जहाज लावण्याची कल्पना कोणी केलेली नव्हती आणि भरतीच्या जोरदार ओढीत जहाज त्यावर आदळण्याचा धोका उघड होता. तरीही त्यांनी त्याच रात्री एक प्रवासी जहाज प्रयोगादाखल त्याला लावून पाहिले. प्रयोग साधला. दुसऱ्या दिवशी १७,८०४, तिसऱ्या दिवशी ४७,३१० आणि ३१ मे रोजी तर ६८,०१४ माणसे सुटली. ही चढती कमान मुख्यतः त्या अरुंद वाटेची आहे, असे मला वाटते.

तेथील अडचण आपल्याला लगेच उमगेल. डंकर्कला भरती-ओहोटीच्या पातळीत सुमारे पाच मीटरचा फरक पडतो, जवळजवळ आपल्या उधाणाच्या भरतीएवढा. भरतीला जहाजाचा डेक बंधाऱ्याच्या बरोबरीला येई, परंतु ओहोटीला तो इतका खाली जाई की थकलेल्या, अनेक रात्री न झोपलेल्या सैनिकांना काळोखात फळ्यांवरून किंवा शिडीवरून खाली उतरावे लागे. जखमींना झोळीतून उतरवताना काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकता.

आणखी एक गोष्ट आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. २९ मेच्या दुपारी बंधाऱ्याला लागलेल्या जहाजांवर जबर हवाई हल्ला झाला आणि ‘ग्रेनेड’ ही विनाशिका तेथेच नष्ट झाली. बंधारा मात्र वापरण्याजोगा राहिला होता. असे असूनही बंदर पूर्णपणे अडल्याचा चुकीचा निरोप इंग्लंडमधील डोव्हरला पोहोचला आणि संपूर्ण मोहिमेचे सूत्रधार व्हाइस अ‍ॅडमिरल बर्ट्राम रॅमसे यांनी त्या रात्री बहुतेक जहाजे किनाऱ्याकडे वळवली. रात्रीच्या आडोशात हजारो माणसे नेता आली असती, त्या वेळी बंधारा जवळजवळ रिकामा राहिला. त्या रात्रीचे नुकसान बॉम्बइतकेच त्या एका निरोपाने केले.

प्रश्न : आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी चालत आली. मच्छीमारांच्या आणि हौशी लोकांच्या छोट्या होड्यांनी एवढी फौज वाचवली, हे वाचून ऊर भरून आला. ती माणसे खरोखर आमच्यासारखी दर्यावर्दी होती का? (एक वाचक, चेंदणी कोळीवाडा, ठाणे)

काही नक्कीच होती, आणि त्यांच्याविषयी लिहिताना मलाही आपल्यासारखेच वाटते. टेम्स नदीच्या मुखाशी ली-ऑन-सी नावाचे गाव आहे. तेथील लोकांचा धंदा ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलवाळूतून शिंपले गोळा करण्याचा. त्यांच्या होड्या रुंद आणि उथळ तळाच्या असत, त्या वाळूवर टेकल्या तरी बिघडत नसे. अशा सहा होड्या ३१ मे रोजी डंकर्कला गेल्या आणि त्यांनी किनाऱ्याजवळून व बंधाऱ्यावरून माणसे उचलून खोल पाण्यातील जहाजांवर पोहोचवली. परतताना १ जूनच्या पहाटे ‘रिनाउन’ ही होडी सुरुंगावर गेली आणि तिच्यावरील सर्वजण मरण पावले. खाडीच्या चिखलाशी रोजचा व्यवहार असलेल्या आपल्यासारख्या वाचकांनी हे एक नाव जरूर लक्षात ठेवावे.

मात्र एकूण चित्र थोडे वेगळे आहे. सरकारने मे महिन्याच्या मध्यालाच खासगी मोटारबोटींची नोंदणी मागवली होती. पुढे त्यातील बहुतेक बोटी नौदलाने ताब्यात घेतल्या आणि त्यांवर नौदलाचे लोक बसवले, त्यामुळे बोट डंकर्कला गेली पण तिचा मालक घरीच राहिला, असे बऱ्याच ठिकाणी घडले. स्वतः गेलेल्यांत चार्ल्स लाइटॉलर यांचे नाव प्रसिद्ध आहे. ‘टायटॅनिक’वरील हे वाचलेले अधिकारी तेव्हा साठी ओलांडलेले होते. मुलाला आणि एका तरुण सागरी स्काउटला सोबत घेऊन ते आपली ‘सनडाउनर’ ही बोट घेऊन गेले आणि सुमारे १३० सैनिकांना दाटीवाटीने बसवून परत आले. याशिवाय चाळीसच्या आसपास डच किनारी मालबोटी ब्रिटिश नौदलाने चालवल्या आणि त्यांनी केलेले काम मोठे आहे. त्यांची चर्चा फारशी होत नाही, ती व्हायला हवी.

लहान होड्यांची गरज का पडली, हे आपल्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. डंकर्कच्या पूर्वेकडचा किनारा इतका सावकाश उतरत जातो की विनाशिकेला किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटर दूर उभे राहावे लागे. मधले पाणी ओलांडण्यासाठी हातहोड्या हव्या होत्या आणि त्या वल्हवणारे हातही हवे होते. सैनिक छातीभर, गळाभर पाण्यात रांगेने उभे राहत. पाण्याने भिजून जड झालेला लोकरीचा कोट अंगावर असताना होडीच्या काठावर चढणे त्यांना जमत नसे, आणि सगळे एकाच बाजूने लोंबकळले की होडी कलंडे. कधी चढलेल्या माणसांच्या वजनाने ती वाळूत रुतून बसे आणि काहींना पुन्हा पाण्यात उतरून तिला ढकलावे लागे. सर्वांत मोठी हानी वेगळ्याच कारणाने झाली. जहाजापाशी पोहोचलेले सैनिक वर चढून जात आणि ज्या होडीतून आले ती तशीच पाण्यावर सोडून देत, कारण ती परत किनाऱ्याला नेणारा माणूस तिच्यात नसे. अशा मोकळ्या होड्या प्रवाहाबरोबर दूर वाहत गेल्या. होडीइतकाच होडी सांभाळणारा माणूस दुर्मीळ होता, आणि तो गुण आपल्या वडीलधाऱ्यांकडे होता तसाच त्या शिंपलेवाल्यांकडे होता.

पुढे सैनिकांनी स्वतःच एक उपाय काढला. ओहोटीच्या वेळी त्यांनी मालमोटारी एकामागोमाग एक समुद्रात नेऊन उभ्या केल्या, टायर फोडले, हौद्यांत वाळू भरली आणि वर फळ्या टाकून कच्चे धक्के तयार केले. भरती आली की त्यांच्या टोकाला होड्या लागू शकत.

प्रश्न : हिटलरने इंग्रजांना मुद्दाम जाऊ दिले, असे समाजमाध्यमांवर वारंवार वाचायला मिळते. हे खरे आहे का? (एक विद्यार्थिनी, ऐरोली)

नाही. रणगाडे थांबवण्याचा आदेश मात्र खरा आहे. २४ मे रोजी रणगाडे डंकर्कपासून अगदी जवळ होते, तेव्हा जनरल फॉन रुंडश्टेट यांच्या थांबण्याच्या निर्णयावर हिटलरने शिक्कामोर्तब केले आणि तो आदेश २६ मे रोजी मागे घेतला. रणगाड्यांची झीज झाली होती, फ्लँडर्सची जमीन पाणथळ आणि कालव्यांनी चिरलेली होती, दक्षिणेकडे फ्रान्सची मोठी लढाई अजून व्हायची होती आणि गोरिंग आपले हवाई दल एकट्याने काम तमाम करील असे आश्वासन देत होता. त्या वेळी तीन लाख माणसे समुद्रमार्गे निसटू शकतील, असे जर्मन सेनापतींना वाटत नव्हते. इंग्रजांनाही तसे वाटत नव्हते, त्यांची सुरुवातीची अपेक्षा जेमतेम ४५,००० माणसांची होती. सोडून देण्याचा हेतू असता तर बंधाऱ्यावर आणि रुग्णवाहू जहाजांवर बॉम्ब कशासाठी टाकले असते? पराभवानंतर सेनापतींनी रचलेल्या स्पष्टीकरणांतून या कथेला बळ मिळाले.

त्या विश्रांतीइतकेच किंवा तिच्याहून अधिक महत्त्व मी दुसऱ्या एका गोष्टीला देतो. लील शहराभोवती वेढल्या गेलेल्या फ्रेंच पहिल्या सैन्याच्या तुकड्या ३१ मेपर्यंत लढत राहिल्या आणि त्यांनी अनेक जर्मन डिव्हिजन तेथेच अडकवून ठेवल्या. त्यांनी शस्त्रे खाली ठेवली तेव्हा जर्मनांनी त्यांना लष्करी मानवंदना दिली. शेजारच्या कॅले बंदरातील ब्रिटिश तुकडीला तर शेवटपर्यंत लढा, तुमच्यासाठी जहाजे येणार नाहीत, असे स्पष्ट कळवण्यात आले होते.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. डंकर्कच्या हकिगतीत भारतीय कोठेच दिसत नाहीत. ते तेथे होते का? (एक शिक्षिका, नौपाडा, ठाणे)

होते, आणि ते निघाले होते आपल्या मुंबईच्या बंदरातून. ब्रिटिश फौजेने घोडी आणि खेचरे काढून टाकून संपूर्ण वाहतूक मोटारींवर नेली होती, परंतु फ्रान्सच्या हिवाळ्यातील बर्फात आणि चिखलात मोटारी अडणार हे लक्षात आल्यावर हिंदुस्थानाकडे खेचरांच्या तुकड्या मागण्यात आल्या. ‘के-६’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या दलात हिंदी सेनेच्या पुरवठा विभागाच्या चार खेचर-कंपन्या होत्या, माणसे सतराशे-अठराशेच्या घरात. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून निघालेले हे लोक नाताळाच्या सुमारास मार्सेल्सला उतरले. त्यांतील बहुतेक पंजाबी मुसलमान आणि वायव्येकडील पठाण होते. युरोपातील थंडी त्यांनी प्रथमच अनुभवली.

मे महिन्यात माघार सुरू झाली तेव्हा त्यांपैकी सुमारे तीनशे जण डंकर्कच्या किनाऱ्यावर पोहोचले. ज्या जनावरांना त्यांनी अर्धे जग ओलांडून आणले, महिनोन्‌महिने चारले, खरारा केला, त्यांना जहाजांत जागा नव्हती, ती मागेच सोडावी लागली. बॉम्बफेकीच्या माऱ्यात माणसे आणि जनावरे एकत्र ठेवल्याबद्दल जमादार मौला दाद खान यांना ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ देण्यात आले. चारपैकी एक कंपनी मात्र फ्रान्समध्येच अडकली आणि जूनमध्ये जर्मनांच्या कैदेत गेली. सुटलेले लोक त्यानंतर १९४४ पर्यंत ब्रिटनमध्येच राहिले, वेल्स आणि स्कॉटलंडच्या डोंगरांत.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी दुसरा एक धागाही सुचवतो. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हिंदी खलाशी मोठ्या संख्येने असत. डेकवर कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडचे लोक, भट्टीघरात सिल्हेटचे आणि पंजाबचे, तर खानपानाच्या कामावर गोव्याचे. त्यांच्या मुकादमाला सारंग म्हणत. क्लॅन लाइन या कंपनीच्या जहाजांवर असे खलाशी असत, आणि त्याच कंपनीचे ‘क्लॅन मॅकअलिस्टर’ हे मोठे जहाज किनाऱ्याला लागणाऱ्या बोटी घेऊन डंकर्कला गेले होते. २९ मे रोजी बॉम्ब पडून ते उथळ पाण्यात तळावर बसले. ते सरळ उभे असल्याने जर्मन वैमानिकांना ते तरंगतेच आहे असे वाटत राहिले आणि त्यांनी पुढेही त्यावर बॉम्ब वाया घालवले. दोन्ही महायुद्धांत बुडालेल्या हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदर भागातील खलाशांच्या वसतिगृहात आहे. आपण मुलांना घेऊन तेथे जाण्याचा विचार करावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

के-६ची आठवण पुसट होण्याचे एक कारण मला असे दिसते की, १९४७ नंतर या सैनिकांची गावे बहुतांशी पाकिस्तानात गेली आणि ते ज्या साम्राज्यासाठी लढले ते सरले. त्यामुळे त्यांची कहाणी आपली म्हणून जपणारे कोणीच राहिले नाही.

प्रश्न : मी सैन्यातून निवृत्त झालो आहे. माघारीत पिछाडी सांभाळणे हे सर्वांत कठीण काम, हे अनुभवाने सांगतो. डंकर्कला पिछाडीवर कोण होते आणि आधी कोण जायचे हे कोणी ठरवले? (एक वाचक, नेरूळ)

आपण या विषयाच्या मर्मावरच बोट ठेवले आहे. सुटलेल्यांच्या कथा लिहिल्या जातात, कारण ते सांगायला उरतात. अशा माघारीचे मोल मात्र मागे राहिलेल्यांवरूनच कळते, असे मी मानतो.

डंकर्कभोवती कालव्यांच्या आधाराने एक संरक्षक कडे उभारले होते आणि त्याच्या आत जसजशी माणसे कमी होत गेली तसतसे ते आखडत आणले गेले. ३१ मे रोजी ब्रिटिश फौजेचे सरसेनापती लॉर्ड गॉर्ट इंग्लंडला परतले आणि ब्रिटिशांची सूत्रे मेजर जनरल हॅरॉल्ड अलेक्झांडर यांच्याकडे आली. त्याच दिवशी पॅरिसच्या बैठकीत चर्चिल यांनी १,६५,००० माणसे सुटल्याचे सांगितले आणि त्यांत फ्रेंच किती, असे विचारल्यावर त्यांना १५,००० हा आकडा द्यावा लागला. तेव्हा त्यांनी यापुढे दोन्ही फौजा हातात हात घालून निघतील, असे जाहीर केले. प्रत्यक्षात ब्रिटिश फौज २ जूनच्या रात्री पूर्णपणे निघाली. निघण्यापूर्वी अलेक्झांडर यांनी मोटारबोटीतून किनाऱ्यालगत फिरून, कोणी इंग्रज सैनिक उरला आहे का, अशी हाक दिली. त्यानंतर कडे राखण्याचे काम संपूर्णपणे फ्रेंचांकडे राहिले.

शेवटच्या दोन रात्री जहाजे मुख्यतः त्यांच्यासाठी आली, आणि दर रात्री सुमारे २६,००० माणसे निघाली. ४ जूनला पहाटे ‘शिकारी’ ही विनाशिका निघाली, ती शेवटची. त्या अखेरच्या रात्री जे घडले ते वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते. संरक्षक कडे अखेरपर्यंत राखत लढलेल्या तुकड्या शिस्तीने मागे येत होत्या. तेवढ्यात शहरातील तळघरांत दिवसेंदिवस लपून बसलेले, आपल्या तुकड्यांपासून फुटलेले हजारो लोक बाहेर पडले आणि बंधाऱ्याच्या तोंडाशी गर्दी करून पुढे घुसले. जागा त्यांना मिळाली. ज्यांच्यामुळे ती रात्र मिळाली होती ते मागेच राहिले. जर्मनांच्या हाती डंकर्कला ३५,००० ते ४०,००० सैनिक सापडले, त्यांत बहुसंख्य फ्रेंच होते. फ्रान्समध्ये या माघारीचे नाव काढताच आजही एक कडवटपणा जाणवतो, तो मला रास्त वाटतो. येथून सुटलेल्या सव्वा लाखाच्या आसपास फ्रेंच सैनिकांपैकी बहुतेकांना लगेच शेरबूर, ब्रेस्तसारख्या बंदरांतून परत फ्रान्सला पाठवण्यात आले होते आणि त्यांतील कित्येक जण तीन आठवड्यांत युद्धकैदी झाले, हेही आपण विसरता कामा नये.

आणखी एक प्रसंग सांगतो. शहराबाहेरच्या एका वाड्यात ब्रिटिशांचे जखमींचे केंद्र होते. हलवता न येण्याजोगे जखमी तेथे पडून होते. दर शंभर जखमींमागे एक डॉक्टर आणि दहा परिचारक मागे राहतील, असा हुकूम आला. कोणी राहायचे हे ठरवण्यासाठी टोपीत चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. ज्यांची नावे निघाली ते जखमींजवळ थांबले आणि त्यांच्यासोबतच कैदेत गेले. शत्रूच्या कैदेत जाणार हे ठाऊक असताना रुग्णाच्या खाटेजवळ बसून राहणे, हे मला या सबंध माघारीतील सर्वांत मोठे धैर्य वाटते. आपल्या शब्दांत सांगायचे तर पिछाडी तीही होती.

प्रश्न : एवढी शस्त्रे टाकून पळून येण्याला यश का म्हणावे? (एक वाचक, वाशी)

शस्त्रांविषयी आपले म्हणणे बरोबर आहे. फ्रान्समध्ये मागे पडलेल्या साहित्यात सुमारे २,५०० तोफा, ६३,००० हून अधिक वाहने आणि ७६,००० टन दारूगोळा होता. सहा ब्रिटिश विनाशिका बुडाल्या. त्यांपैकी ‘वेकफुल’ २९ मेच्या पहाटे टॉर्पेडो लागून काही क्षणांतच दुभंगली आणि डेकखाली बसवलेले सहाशेहून अधिक सैनिक तिच्याबरोबर गेले. कॅलेजवळच्या तोफांना चुकवण्यासाठी जहाजांना ३९ सागरी मैलांचा जवळचा मार्ग सोडून ८७ मैलांचा वळसा घालावा लागे, त्या वळशावरच ‘वेकफुल’ बुडाली. पुढे ५५ मैलांचा मधला मार्ग सुरुंग काढून मोकळा करण्यात आला. माघारीने युद्धे जिंकली जात नाहीत, असे चर्चिल यांनीच ४ जूनला संसदेत बजावले होते. तरीही तोफ काही महिन्यांत ओतता येते आणि अनुभवी सुभेदार घडायला पंधरा वर्षे लागतात, म्हणून मी या माघारीला यश म्हणतो.

डंकर्कनंतरही माघार संपली नव्हती. १२ जूनला सेंट व्हॅलरी येथे ब्रिटिशांची एक्कावन्नावी हायलँड डिव्हिजन शरण आली, कारण दाट धुक्यामुळे जहाजे त्यांच्यापर्यंत पोहोचू शकली नाहीत. पुढे पश्चिमेकडील बंदरांतून आणखी १,९१,८७० माणसे सुटली, पण १७ जूनला सेंट नाझेरजवळ ‘लँकास्ट्रिया’ हे जहाज बॉम्बफेकीत बुडून तीन हजारांहून अधिक लोक मेले. ही बातमी चर्चिल यांनी दाबून ठेवली आणि ती ब्रिटनमध्ये जुलैअखेरीस फुटली. डंकर्कचा गौरव करणाऱ्या लेखनात ‘लँकास्ट्रिया’चे नाव नसेल तर ते लेखन अपुरे समजावे.

प्रश्न : शत्रूला पत्ताही लागू न देता एवढी मोठी फौज समुद्रातून काढता आल्याचे उदाहरण आहे का? (एक वाचक, कळवा)

पहिल्या महायुद्धातील, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीचे आहे. डिसेंबर १९१५ मध्ये सुवला आणि अँझॅक या दोन ठिकाणांहून ऐंशी हजारांहून अधिक माणसे आणि जानेवारी १९१६ मध्ये हेलेस येथून उरलेली माणसे जवळजवळ जीवितहानी न होता निघाली. कित्येक रात्री थोडी थोडी माणसे काढली जात आणि दिवसा खंदकांत नेहमीसारखी हालचाल दाखवली जाई. शेवटच्या रात्री रिकाम्या खंदकांत बंदुका आपोआप झडत राहिल्या. वरच्या डब्यातील पाणी थेंब थेंब खालच्या डब्यात पडे, तो डबा जड झाला की त्याला बांधलेली दोरी बंदुकीचा घोडा (चाप) ओढी. तेथेही रसद वाहणाऱ्या हिंदी खेचर-तुकड्या होत्या.

प्रश्न : १७३९ मध्ये वसईच्या किल्ल्यातून पोर्तुगीज समुद्रमार्गे निघून गेले, ती डंकर्कसारखीच माघार मानावी का? (एक वाचक, कोपरी, ठाणे)

माझ्या मते मानू नये. ठाणे १७३७ मध्येच मराठ्यांनी घेतले होते. दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तट उडवल्यावर वसईकरांनी तहाची बोलणी केली आणि शस्त्रांसह, कुटुंबकबिल्यासह बाहेर पडण्याची मुभा मिळवली. ती शरणागती होती, आणि जिंकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून झालेले ते प्रस्थान होते. डंकर्कला असा कोणताही करार नव्हता, शेवटचे जहाज निघेपर्यंत तोफा चालू होत्या. चिमाजी आप्पांनी हजारो माणसे गमावून जिंकलेल्या किल्ल्यातील शत्रूला दिलेला शब्द पाळला, याचे महत्त्व स्वतंत्र आहे आणि वसईच्या मोहिमेवर आमच्याकडे आलेल्या इतर पत्रांसोबत त्याविषयी पुढील अंकात सविस्तर लिहू.